भाताच्या मापाचा ग्लास

आमच्याकडे तांदळाच्या डब्यात एक स्टीलचा ग्लास असायचा. तोंडाशी पोचा आलेला आणि बुडाखाली कसलीशी दोन अक्षरं ठोकलेली. तो काठोकाठ भरून तांदूळ घेतला की आम्हा तिघांचा भात व्हायचा आणि सकाळी फोडणीला थोडा उरायचा. मम्मी दुसऱ्या कशाने तांदूळ मोजत नसे. ग्लास घरात माझ्याही आधी आलेला, त्यामुळे तो कुठून आला हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाला इतिहासाच्या सरांनी प्रकल्प दिला. जुन्या कामगार वसाहतीला भेट द्यायची आणि अहवाल लिहायचा. वर्तकनगरच्या पुढे काचेच्या बाटल्यांची एक कंपनी होती. ती बंद पडली, जागेवर टॉवर आले, पण धुराडं, कॅन्टीन, गेट आणि कामगारांच्या खोल्यांची एक रांग तशीच ठेवून तिथे संग्रहालय केलंय. माझे पप्पा त्याच कंपनीत होते. हे मी वर्गात सांगितलं नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अहवाल म्हणजे नक्की काय, हे कोणाला विचारायचं तेही मला माहीत नव्हतं. म्हणून तिथे जे दिसलं ते सगळं लिहून घेतलं. पायऱ्या किती, खिडक्यांचा रंग कुठला, पंखा चालू होता की बंद.

ठाकुर्लीला घरी आल्यावर पप्पांना फोटो दाखवले. धुराडं बघून पप्पा "हं" म्हणाले. खोल्या बघूनही "हं". कॅन्टीनच्या फोटोवर मात्र थांबले. काचेच्या कपाटात एक ग्लास होता आणि खाली पाटी होती, 'कामगारांच्या सोयीसाठी कंपनीने चहाचा मोठा ग्लास सुरू केला.'

"हा मोठा?" पप्पा म्हणाले. "हा हॉटेलातला कटिंगचा ग्लास आहे. आणि सुरू केला म्हणजे काय? आम्ही आठवडाभर चहा सोडलेला."

मग त्यांनी सांगितलं. आधी कॅन्टीनमध्ये चहा इवल्याशा कपात मिळायचा. भट्टीसमोर उभं राहून घसा कोरडा पडायचा आणि कप एका घोटात संपायचा. युनियनने मोठा ग्लास मागितला. साहेब म्हणाले, चहा तो चहाच. तेव्हा तिन्ही पाळ्यांनी कॅन्टीनचा चहाच बंद केला. काम चालू, बाटल्या चालू, फक्त चहा बंद. कॅन्टीनवाले नियमाप्रमाणे रोज पिंपभर चहा करायचे आणि नियमाप्रमाणे बाहेरच्या बदामाच्या झाडाला घालायचे. एकटा मुकादम प्यायचा, पण सगळे त्याच्याकडे टक लावून बघायचे. शेवटी तो कप घेऊन संडासात जायला लागला.

"आणि बदाम?" मी विचारलं.

"काय वाढला म्हणून सांगू."

मोठे ग्लास आले ते स्टीलचे. काचेचे कामगारांच्या हातून फुटतील म्हणे. पप्पा म्हणाले, "दिवसभर काय आम्ही पायांनी बाटल्या उचलत होतो?"

"मग आपल्या डब्यातला ग्लास?"

पप्पांनी मम्मीकडे बघितलं. मम्मी तांदूळ निवडत होती.

"शेवटच्या दिवशी चहा पीत होतो. गेट बंद करतायत, निघा म्हणाले. पीत पीत बाहेर आलो. ग्लास हातातच राहिला."

पप्पांना खरा ग्लास तिथे हवा होता. पण द्यायचा म्हणजे आपण नेला होता हे कबूल करायचं. कंपनीत सुटताना गेटवर झडती व्हायची, शेवटच्या दिवशी तेवढी झाली नाही, आणि एवढ्या वर्षांत पप्पांच्या झडतीत कधी काही सापडलं नव्हतं. हे ते नातेवाइकांना लग्नाकार्यातही सांगतात.

"गुपचूप ठेवून येऊ," ते म्हणाले.

"आणि मी भात कशाने मोजू?" मम्मी म्हणाली.

"अगं, दुसरा ग्लास घे ना."

"दुसऱ्या ग्लासाला पाणी किती घालायचं, ते तुमचं संग्रहालय सांगणार का?"

तरी रविवारी आम्ही दोघं गेलो. पप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. ग्लास नॅपकिनमध्ये गुंडाळून माझ्या कॉलेजच्या बॅगेत ठेवला होता. संग्रहालय दाखवणाऱ्या ताईला मी प्रश्न विचारून गुंतवायचं आणि तेवढ्यात पप्पांनी ग्लास ठेवायचा, असं ठरलेलं. मी तळहातावर चार प्रश्न लिहून नेले होते. बसमध्ये घामाने ते पुसले गेले.

"ताई," मी म्हणाले आणि पुढे काही सुचेना. "इथे संडास कुठे होते?"

ताईचा चेहरा उजळला. म्हणाली, हा प्रश्न आजवर कोणी विचारला नाही. तिने मला खोल्यांच्या मागे नेलं. किती घरांना एक नळ, सकाळी रांगेत बायकांचे डबे कसे लागायचे, कोणाचा डबा कोणी सरकवला म्हणून किती दिवस अबोला, सगळं सांगितलं. मी खरंच लिहून घ्यायला लागले. ग्लासचं विसरलेच. परत आलो तर पप्पा कॅन्टीनच्या दारात हात मागे बांधून उभे. आत दोरीपलीकडच्या टेबलावर जुन्या ताटांच्या बाजूला आमचा ग्लास. इतका आमचा दिसत होता की मला मान वळवावी लागली.

निघालो. गेटवर स्टुलावर म्हातारे वॉचमन बसलेले. पप्पा त्यांच्यासमोर गेले, दोन्ही हात वर केले आणि उभे राहिले.

"काय काका, व्यायाम?" वॉचमननी विचारलं.

"झडती," पप्पा म्हणाले. सवयीने हात वर गेलेले, ते आता खाली घेता येईनात.

"इथे झडती नसते." मग वॉचमन उठले. "पण हात वर केलेत म्हणजे बघायला पाहिजे."

खिशात रुमाल, चष्म्याचं घर आणि बसचं तिकीट निघालं. पप्पांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. तेवढ्यात मागून ताई धावत आली.

"काका, तुमचा ग्लास राहिला."

"माझा नाही," पप्पा म्हणाले. हात अजून वरच.

ताईने ग्लास उलटा केला. "अय्या, यावर तर कंपनीचा शिक्का आहे. काका, हा तुम्ही आमच्या इथून उचललेला का?"

"नाही."

"मग तुमचाच आहे?"

"नाही."

"तुमचा नाही, इथला नाही," वॉचमन म्हणाले, "मग काय चालत आला?"

आपण काहीतरी बोलायला हवं असं मला वाटलं. "तो भाताचा आहे," मी म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, पप्पासुद्धा.

मग पप्पांनी हात खाली घेतले. "मी नेला होता," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी. चहा अर्धा होता." आणि एकदा सुरुवात झाल्यावर चहाबंदी, मुकादम, बदाम सगळं सांगितलं. ताईने मोबाइल पुढे धरून परत एकदा सांगायला लावलं. दुसऱ्या वेळी बदाम दुमजली झाला.

वॉचमननी गेटची वही काढली. 'आवक: स्टील ग्लास, नग एक, पोचा आहे.' पप्पांनी सही केली. पेन परत द्यायच्या आधी म्हणाले, "झडतीत काही सापडलं नाही, हेपण लिहा ना."

वॉचमननी लिहिलं.

पुढचे पंधरा दिवस आमच्याकडे कधी पेज, तर कधी टणक भात. मम्मी तोंडाने काही बोलायची नाही, ताट जरा जोरात ठेवायची. एका रविवारी तीच म्हणाली, "चला."

पाटी बदललेली होती. 'कामगारांनी आठवडाभर चहा बंद ठेवून मिळवलेला ग्लास.' पप्पांनी दोनदा वाचली. "ठीक आहे," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. मम्मीने पाटीकडे बघितलंही नाही. पिशवीतून तांदळाची पुडी आणि घरचा नवा ग्लास काढला.

"बाळा, तो जरा बाहेर काढ गं," ती ताईला म्हणाली.

ताईने इकडे तिकडे बघून कपाट उघडलं. मम्मीने जुन्या ग्लासात काठोकाठ तांदूळ भरले आणि नव्यात ओतले. नवा भरून तांदूळ जमिनीवर सांडले. "बघितलंस?" मम्मी मला म्हणाली. सांडलेले तिने वेचून मोजले. तीन मुठी. "एक ग्लास आणि वर तीन मुठी. लिहून घे."

मी वहीत लिहून घेतलं.

गेटवर पप्पांनी हात वर केले. मम्मीनेही केले, त्यामुळे मीही. वॉचमननी पिशवीत डोकावून वही उघडली. 'जावक: तांदूळ, जुन्या मापाने एक ग्लास.'

ही नोंद मी अहवालात जशीच्या तशी उतरवली. सरांनी तिच्याखाली लाल शाईने रेघ मारून लिहिलं, 'याचा विषयाशी संबंध?' आणि वही परत दिली. मी तिथेच खाली उत्तर लिहायला घेतलं. पुरवणी लागली.