सेक्रेटरींचं शेवटचं मागणीपत्र

स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच मुलाविरुद्ध आणि स्वतःच्याच गैरसोयीसाठी आंदोलन करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या बरोबर डोक्यावर, म्हणजे चिंचवडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या कंपनीच्या युनियनचे ते बावीस वर्षं सेक्रेटरी होते. युनियन गेली, कंपनी गेली, कंपनीच्या जागेवर तीन टॉवर उभे राहिले, पण सेक्रेटरी ते सेक्रेटरीच राहिले. दूधवाला त्यांना सेक्रेटरी म्हणतो, वॉचमन म्हणतो, आणि वहिनी होत्या तोवर त्याही चारचौघांत तसंच म्हणायच्या. मी त्याच कंपनीत टाइम ऑफिसला होतो, म्हणजे हजेरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला. त्यामुळे ते मला अजून ‘टाइम ऑफिस’ अशीच हाक मारतात आणि हा माणूस मनातून मालकाचा आहे असं धरून चालतात. कुणाचा तीन मिनिटांचा लेटमार्क काढावा म्हणून त्यांनी माझ्याशी चाळीस-चाळीस मिनिटं हुज्जत घातली आहे, आणि ती चाळीस मिनिटं कंपनीच्याच वेळात.

दुसरा माणूस राबताना दिसला की सेक्रेटरींना गप्प बसवत नाही. आमच्या घरी सत्यनारायण होता तेव्हा त्यांनी गुरुजींना विचारलं, “सकाळपासून ही कितवी पूजा?” गुरुजी म्हणाले, पाचवी. “मधे जेवलात?” गुरुजींनी नुसती मान हलवली. झालं! तिसऱ्या अध्यायानंतर सेक्रेटरींनी अर्ध्या तासाची विश्रांती जाहीर केली. गुरुजी आमच्या दिवाणावर जे आडवे झाले ते घोरायलाच लागले, आणि सगळे पाहुणे कलावतीचं पुढे काय झालं ते कळायची वाट बघत प्रसादाच्या वासावर बसून राहिले. कुठल्याशा लग्नात त्यांनी वाढप्यांना ‘आधी तुम्ही जेवून घ्या’ म्हणून पाठवलं आणि वरपक्षाला आपल्या हातानं बासुंदी वाढून घ्यावी लागली. मंडळी वैतागायची. मीही वैतागलोय. पण हाच माणूस स्वतःसाठी काही मागायची वेळ आली की मुका व्हायचा. दर वर्षी त्यांची रजा वाया जायची, आणि शेजारून साधी वाटीभर साखर आणायची तरी ते वहिनींना पुढे करायचे.

अशा माणसाला दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. डावा हात आणि डावा पाय गेला, जीभ मात्र शाबूत राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब. बिल्डिंगमध्ये याबद्दल दोन मतं होती. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात एचआर मॅनेजर, सून हिंजवडीला. दोघंही सकाळी सातला घर सोडणार आणि ट्रॅफिक सोडेल तेव्हा परतणार. तेव्हा घरी रुग्णसेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोला फोन करून मुलानं माणूस ठरवला. अशा माणसाला आमच्याकडे ‘चोवीस तासांची बाई’ म्हणतात. सेक्रेटरी हा शब्द ऐकून पलंगावर उठून बसले, आणि झटक्यानंतर ते आधाराशिवाय उठून बसण्याची ती पहिलीच वेळ होती. “चोवीस तासांची? अरे, मशीनसुद्धा चोवीस तासांचं नसतं, त्याला मेंटेनन्सची सुट्टी असते!”

पहिल्या बाईंना त्यांनी चार दिवस कामाचे तास, विश्रांती आणि हक्क यांवर असं काही समजावलं की पाचव्या दिवशी त्या जाग्या झाल्या आणि निघून गेल्या. नंतर एक गृहस्थ आले. त्यांच्याकरवी सेक्रेटरींनी ब्यूरोकडे नेमणूकपत्र मागितलं. ब्यूरोनं पत्राऐवजी गृहस्थांनाच परत बोलावून घेतलं. मग मात्र मुलगा खुर्ची ओढून समोर बसला. तो वडिलांसारखाच सरळ आहे, फक्त आवाज चढवत नाही. “अण्णा, आता तिसरं माणूस गेलं तर माझ्याकडे इलाज नाही. वाकडच्या पुढे एक केअर सेंटर बघून ठेवलंय. तिथं राहावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो तर सेक्रेटरी भिंतीकडे तोंड करून पडले होते. “टाइम ऑफिस,” म्हणाले, “या घराचा एकेक हप्ता ओव्हरटाइम करून फेडलाय हो मी. मला इथंच राहायचंय.” त्यांच्या तोंडून ‘मला’ हा शब्द अगदी अनोळखी वाटला.

मग सुमनबाई आल्या. परभणीकडच्या, पन्नाशीच्या, हाडापेरानं मजबूत. सेक्रेटरींना त्या गव्हाचं पोतं फिरवावं तशा या कुशीवरून त्या कुशीवर करत, आणि बोलणं त्याहून सरळ. “जेवा आता. गिळायला काय मिटिंग लागते का?” सेक्रेटरी मुकाट्यानं जेवत. नऊ दिवस त्यांनी हक्काचा ह उच्चारला नाही. बिल्डिंगला वाटलं, दुसरा झटका आला.

दहाव्या दिवशी दुपारी मला वरून बोलावणं आलं. “कागद-पेन घेऊन या. तुमचं अक्षर चांगलंय.” मी गेलो. सुमनबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपल्या होत्या, हातात अर्धी निवडलेली मेथी. सेक्रेटरींनी नुसतं बोट दाखवलं आणि हळू आवाजात मजकूर सांगायला सुरुवात केली. मागणी क्रमांक एक, रविवारची पूर्ण सुट्टी. दोन, दुपारी दोन तास कुणी हाक मारायची नाही. तीन, झोपायला दाराची खोली, पॅसेज नव्हे. मी पेन थांबवलं. म्हटलं, “अहो, मुलगा बिथरला तर? केअर सेंटर विसरलात?”

“विसरलो नाही.” ते म्हणाले. “भीती वाटते म्हणून नऊ दिवस गप्प बसलो. आता तिचं थकलेलं तोंड बघवत नाही. लिहा तुम्ही.”

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर बैठक बसली. एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला व्हीलचेअरवर सेक्रेटरी, आणि निरीक्षक म्हणून मी. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती पाण्याचा पेला घेऊन मागे उभी राहून सेक्रेटरींनाच झापत होती. “मला कामून पाहिजे सुट्टी? म्या म्हणले का? उगं माझी भाकरी घालवता काय?” सेक्रेटरी म्हणाले, “बाई, सगळे आधी असंच म्हणतात.”

मुलानं कागद दोनदा वाचला. “विचार करू, अण्णा.”

“विचार करू म्हणजे नाही. हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकतोय.”

“पण रविवारी यांना सुट्टी दिली तर तुमचं कोण करणार?”

“तो व्यवस्थापनाचा प्रश्न आहे.”

चाकणला आठवडाभर मुलगा हीच वाक्यं ऐकत असणार, पण तिथं निदान समोर बाप नसतो. शेवटी त्यानं सही केली. का केली ते त्यानं सांगितलं नाही. माझ्या मते त्यालाही कधीतरी तशीच हातात मेथी घेऊन झोपलेली बाई दिसलेली असावी.

पुढच्या रविवारी सुमनबाई दार लावून आपल्या खोलीत बसल्या, कारण पहिल्या सुट्टीत जायचं कुठं हे त्यांना ठाऊक नव्हतं. सून माहेरी गेली होती. दहाच्या सुमारास मुलगा खाली गाडी पुसत असताना सेक्रेटरींना संडासला लागली. चाहूल लागून सुमनबाई धावल्या. “मागं व्हा!” सेक्रेटरी ओरडले. “आज तुमची सुट्टी आहे.” आवाज ऐकून मी जिना चढून जाईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. बाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या, आणि सेक्रेटरी डोळे घट्ट मिटून पडलेले. मी पुढे झालो तर म्हणाले, “तुम्ही नको.” मुलाला तर त्यांनी आजवर या कामाला हातही लावू दिला नव्हता. बापाची लाज असते.

मुलगा वर आला. त्यानं एकदा बघितलं, बाह्या सरसावल्या आणि वडिलांना उचलून न्हाणीघरात नेलं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आतून नुसता पाण्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं सेक्रेटरींचा आवाज आला, “पाणी जरा जास्तच कढत आहे.” आणि मुलाचा, “तक्रार लेखी द्या.” मग दोघंही असे हसायला लागले की त्यात एकाचं रडणं मिसळलेलं होतं. कुणाचं ते मी विचारलं नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

तेव्हापासून रविवार मुलाचा झाला. तो वडिलांची दाढी करतो, दोघं कामगार कायद्यावर कडाकडा भांडतात, आणि केअर सेंटरचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. सुमनबाई हळूहळू भोसरीला बहिणीकडे जायला लागल्या. परतताना त्या सेक्रेटरींसाठी न चुकता भाजके शेंगदाणे आणतात आणि “हे काही तुमच्या कागदात न्हवतं” असं ऐकवतात. वर्ष असं चांगलं गेलं.

गेल्या महिन्यात सुमनबाईंच्या लेकीचं बाळंतपण आलं. सव्वा महिन्याची रजा हवी होती. मागायला त्या अवघडल्या, तर सेक्रेटरीच म्हणाले, “हक्काची रजा आहे. विचारायचं नसतं, कळवायचं असतं.” मुलानं आणि सुनेनं आपापल्या रजा वाटून घेतल्या. जायच्या दिवशी सेक्रेटरी व्हीलचेअरवर गॅलरीत बसले होते, शेजारी मी. बाई पिशवी घेऊन खाली उतरल्या, रिक्षात बसल्या, हात हलवला. यांनी मोठ्या रुबाबात उजवा हात वर केला. रिक्षा वळणाआड गेली तरी हात वरच होता.

“टाइम ऑफिस,” मग ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. “तुम्ही इतकी वर्षं हजेरी सांभाळलीत. रजेवर गेलेली माणसं परत येतात ना हो?”

किती जण गावाकडे म्हणून गेले आणि परत आले नाहीत, त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. मी म्हणालो, “येतात.”

“तसं मी तिला म्हणायला हवं होतं,” ते म्हणाले. “परत या म्हणून. मला बोलताच आलं नाही.”

मी खिशातून फोन काढला, सुमनबाईंचा नंबर लावला आणि सेक्रेटरींच्या कानाशी धरला. पलीकडून स्टेशनकडे निघालेल्या रिक्षाची घरघर आणि “कोण हाय? काय झालं? पडले काय?” असा त्यांचा घाबरलेला आवाज येत होता. सेक्रेटरींनी दोनदा घसा खाकरला.