जहाज खाली येईल

लखनौच्या अमौसी विमानतळाबाहेर आगमनाचं दार उघडलं की माझ्या शेजारचा म्हातारा कठडा धरून टाचा उंचवायचा. माझ्या लॅपटॉपमधली, उपग्रहाने टिपलेली गुरगुर ऐकून तो दचकला.

मी समजावलं, सूर्याकडून आलेले भारित कण पृथ्वीच्या चुंबकी कवचासमोर थडकतात. काही उलटे फिरतात, आणि त्यांनी प्लाझ्मात उठवलेल्या लाटांचा हा आवाज.

“जहाज़ को कुछ होगा?” त्याला विमानाची काळजी होती.

“नहीं चाचा, आराम से खाली आएगा।”

तो पांढराफटक पडला. “खाली? और मेरा लड़का?”

इतकी वर्षं लखनौत राहूनही मी विसरलो होतो, हिंदीत खाली म्हणजे रिकामं. “नीचे, नीचे!” मी ओरडलो. त्याने मान हलवली, पण त्याला ते पटलं नव्हतं.

दार उघडलं. त्याच्यासोबत माझ्याही टाचा उंचावल्या. त्याचा मुलगा कसा दिसतो हे मला ठाऊकही नव्हतं.