आबांना कळलं का?

नारायण पेठेतल्या एका कॉम्प्युटर नेटवर्किंगच्या क्लासात मी शिपाई आहे. शिक्षण चौथी, तेही ढकलत. पण दाराशी स्टूल टाकून बसलं की किस्से धुळीसारखे साचतात. रोज झाडा, उद्या पुन्हा तेवढेच.

आमच्या मॅडम कडक. सर्टिफिकेटच्या पहिल्या परीक्षेला पोरगं तयार आहे की नाही, हे त्या मार्कांवरून ठरवत नाहीत. त्याला माझ्यासमोर बसवतात. मला समजावून सांगायचं. मला कळलं, तर परीक्षेची तारीख घ्यायची. नाही कळलं, तर पुन्हा वर्गात.

*

वारज्याचा निखिल. सराव परीक्षेत कायम पहिला. कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा स्विच म्हणजे काय, यावर त्यानं माझ्यापुढे इतकं इंग्रजी झाडलं की माझा चहा गार झाला. मी म्हटलं, डोंबल कळलं. तो तणतणत मॅडमकडे गेला, की या आबांना काहीच कळत नाही.

"अहो, म्हणूनच त्यांना बसवलंय," मॅडम म्हणाल्या.

*

दुसऱ्या एका शहाण्यानं प्रश्नसंच पाठ केलेला. मॅडमनी प्रश्न तेच ठेवले, उत्तरांच्या जागा तेवढ्या बदलल्या. पठ्ठ्यानं जुन्याच जागांवर खुणा केल्या आणि सगळ्यांच्या आधी उठला.

मॅडमनी पेपर बघितला. "हात तयार झालाय आपला. आता डोकं घेऊन या."

*

कधी कधी मॅडम लॅबमधली एक वायर गुपचूप उपसतात आणि नेट का बंद पडलं ते शोधायला लावतात. सगळे कीबोर्ड बडवत सुटतात. वाशिमची शारदा मात्र आधी टेबलाखाली वाकली, वायर खोचली आणि हात झटकत बाहेर आली.

मॅडम काही बोलल्या नाहीत. आमच्याकडे ही शाबासकी समजतात.

*

या शारदाचं मात्र अवघड होतं. एका कंपनीनं तिला तात्पुरतं नोकरीवर घेतलेलं. या महिन्यात पास झाली तर कायम, नापास झाली तर घरी. दुसरी संधी नाही. तरी मॅडम तिला तारीख घेऊ देईनात. मला तर त्यांचा रागच आला.

शेवटी तिला माझ्यासमोर बसवलं. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, कॉम्प्युटरला पत्ता असतो. त्यात पेठ कुठे संपते आणि घराचा नंबर कुठून सुरू होतो, ते मास्क नावाचा आकडा सांगतो. पेठ एकच असेल तर माल थेट त्या घरी. दुसरीकडचा असेल तर आपल्या वेशीवरच्या राऊटरकडे द्यायचा, पुढचं तो बघतो.

मला निम्मं कळलं. पण तिच्याकडे बघवेना, म्हणून मॅडमना ऐकू जाईल असं म्हटलं, कळलं, सगळं कळलं.

शारदा उठेना. तिनं विचारलं, मग इथून विश्रांतवाडीला माल पाठवायचा तर आधी कुणाकडे द्यायचा? मी म्हटलं, कुणाकडे कशाला, थेट विश्रांतवाडीतल्या घरी.

"नाही आबा, तुम्हाला कळलेलं नाही," ती म्हणाली आणि खुर्ची पुढे ओढली. "थांबा, मी पहिल्यापासून सांगते."

मॅडम जागेवरून उठून आल्या. "शारदाताई, परीक्षेची तारीख घ्या."