रामप्रसादची निधनवार्ता

आष्टीतल्या 'गावदर्शन' केबल चॅनलचा मालक कोण, हे कागदावरून कुणाला कळत नसे; ते वाढदिवसावरून कळे. पडद्याखालच्या पट्टीत ज्याचा वाढदिवस दिवसभर धावतो, तो मालक. आधी रामप्रसाद धावायचा. पुढं बियाण्याच्या दुकानाचे शिवाजीराव धावू लागले, तेव्हा विक्री झाल्याचं गावाला समजलं. मग पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, हात जोडलेले भाऊसाहेब आले, तेव्हा निवडणूक जवळ आल्याचंही समजलं.

बदलल्या नाहीत त्या पुष्पाबाई. पाठीमागचा पडदा बदलला, खुर्ची बदलली, बातम्या वाचणारी बाई तीच. गावानं मात्र बातम्यांसाठी कधी टीव्ही लावला नाही. गाव बघायचं ती शेवटची निधनवार्ता. कोण गेलं, माती किती वाजता, कुठं. हळूहळू गावानं दारोदार माणूस धाडणं सोडूनच दिलं. घरात कुणी गेलं की रडण्याआधी पुष्पाबाईंना फोन.

पुष्पाबाईंच्या आजोबांच्या गळ्यात गावानं हेच काम मारलं होतं. मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात वाटूरपर्यंत जायचं आणि अंगणाबाहेर उभं राहून सांगायचं. छप्पन साली धम्म घेतला आणि आजोबांनी हातातली काठी कोपऱ्यात ठेवली ती कायमची. त्यामुळं रामप्रसादनं चॅनल काढलं तेव्हा पुष्पाबाई बाकी सगळं वाचायला तयार होत्या, निधनवार्ता सोडून. रामप्रसाद रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, बिघाड कुठं आहे ते त्याला लगेच कळे.

"पुष्पाबाई," तो म्हणाला, "तुम्ही कुणाच्या दारात जाऊन न्हाई राह्यल्या. समदं गाव तुमच्यापुढं येऊन बसून राह्यलंय."

हे त्यांना पटलं. त्या खुर्चीत बसल्या.

कडुलिंबावरून, पत्र्यांवरून वायर ओढून रामप्रसादनं हा पसारा उभा केला होता. वानरं वायर तोडत, हा जोडे. घराघरात सेट-टॉप बॉक्सचे डबे बसवायची वेळ आली तेव्हा मात्र त्याला ते झेपेना. विकताना त्यानं एकच तोंडी अट घातली. आपली निधनवार्ता आपल्याच चॅनलवर लागली पाहिजे, पुष्पाबाईंच्या आवाजात. शिवाजीराव बिलकुल म्हणाले. पुढं भाऊसाहेबही बिलकुल म्हणाले, पण ते सगळ्यांनाच बिलकुल म्हणत.

रामप्रसादनं लगोलग मेव्हण्याचा कोट घालून फोटो काढला आणि स्वतः समोर बसून बातमी रेकॉर्ड करवून घेतली. मधेच थांबवून म्हणाला, "'प्रेमळ' घाला. आमच्या हिला इचारू नका."

मग भाऊसाहेबांच्या वाढदिवसाला नव्या ऑपरेटरनं चुकीचं बटण दाबलं आणि शुभेच्छांच्या जागी रामप्रसाद वारला. अर्धं गाव हार घेऊन दारात. रामप्रसाद अंगणात तोंडाला साबण लावून दाढी करत बसलेला. त्याच्या बायकोनं, उषावहिनींनी, सगळ्यांना चहा पाजला. कोण आलं आणि कोण आलं नाही, हे जितेपणी बघायला मिळालं म्हणून तो पुढं कितीतरी दिवस खुशीत होता. बसस्टँडवर लोक त्याला रामरामाऐवजी विचारू लागले, "काय, वारले का पुन्हा?"

भाऊसाहेब निवडणूक हरले आणि त्यांनी चॅनल शहरातल्या एका कंपनीला फुंकून टाकलं. कंपनीला इंटरनेटसाठी वायरी हव्या होत्या. खोलीला कुलूप लागलं. पट्टीच गेली, त्यामुळं आता मालक कोण हे कुणाला सांगता येईना. कंपनीला वाढदिवस नसतो.

त्याच हिवाळ्यात एका सकाळी छातीत कळ आली आणि रामप्रसाद खरंच गेला. उषावहिनींनी पुष्पाबाईंचा हात धरला. "बाई, त्यांची बातमी लावा."

पुष्पाबाईंनी कंपनीचा नंबर फिरवला. बिलासाठी एक दाबा, नव्या जोडणीसाठी दोन दाबा. मयतासाठी काही दाबायची सोय नव्हती. शेवटी मोबाइलमध्ये जपून ठेवलेली तीच बातमी त्यांनी गावाच्या ग्रुपवर टाकली. तोच कोट, तोच 'प्रेमळ'. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. कुणी लिहिलं, काकू, चहा ठेवा, आलोच. खरं आहे हो, असं बाईंनी लिहिलं, तर त्यालाही लोक हसले. घनसावंगीहून मुलगा भारत पोचला, तेव्हा अंगणात शेजारची दोन म्हातारी माणसं होती. खांद्यालाही माणूस पुरेना.

पुष्पाबाईंनी मोबाइल पिशवीत टाकला, चपला घातल्या आणि त्या गल्लीत उतरल्या.

पहिलं दार मालनबाईंचं. नव्वदीची म्हातारी ओट्यावर ऊन खात बसलेली. दारात उभ्या बाईकडं बघून तिनं जुन्या काळी सांगावा आणणाऱ्याला विचारत तेच विचारलं, "कुणी धाडलं गं?"

बाई म्हणाल्या, "कुणी न्हाई धाडलं. माझी मी आले. रामप्रसादभाऊ गेले. माती दुपारी, वढ्याकडं."

म्हातारीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. आतून नातू म्हणाला, "आजे, गंमत चालूय त्यांची, ग्रुपवर बघ ना."

बाई पुढच्या दाराकडं वळल्या. तोंडावर कुणी हसलं नाही, पण आत जाऊन प्रत्येकानं आधी मोबाइल बघितला. त्या शेवटच्या गल्लीत पोचल्या, तोवर ओढ्याकडून धूर चढला होता. तो दिसल्यावर मात्र सगळ्यांना खरं वाटलं.

बाई परत आल्या तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं, प्रत्येकाच्या हातात हार आणि घालायला कुणी नाही. उषावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. सगळ्यांवरून एकदा नजर फिरवून त्या म्हणाल्या, "मागच्या बारीला तर येळंवर आल्ते तुम्ही."