ठहरना म्हणजे मुक्काम

"लिवलंय तेवढंच वाचते." कागद हातात घेण्याआधी बाई एवढं बोलत, चष्मा पदराला पुसत आणि समोरच्याकडे अशा बघत की त्याच्या ओठांवर आलेली विनंती तिथेच विरून जाई.

बीडला आमच्या रेकॉर्ड रूममध्ये निजामाच्या काळातले उर्दू कागद ढिगाने आहेत. ते वाचू शकणारी माणसं मात्र दोन-तीनच. बाई त्यांतल्या एक. कोर्टात भाषांतरकार होत्या. निवृत्त झाल्यावर मांजरसुंब्याला, ढाब्यांच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत आणि बोलावलं की एसटीने येत. बौद्ध घरातल्या बाईला इतकं उर्दू आलं कुठून, असं नवा माणूस हमखास विचारी. बाईंचं उत्तर ठरलेलं. "शेजारच्या उस्तानीला शिकवायचं व्हतं, मला शिकायचं व्हतं. झालं की."

मी तिथे कारकून होतो. एखाद्याचा कडकपणा लांबून बघायला बरा वाटतो, हे तुम्हीही अनुभवलं असेल. बाईंचा कडकपणा मला एकदा अगदी जवळून बघावा लागला.

जिल्ह्याच्या पश्चिम शिवेवर एक गाव आहे. पूर्वी तिथे निजामाचं राज्य संपायचं आणि इंग्रजांचं सुरू व्हायचं. मध्ये जकातीचा नाका. त्या पडक्या नाक्यासमोरच्या मैदानावर वीसेक बौद्ध घरांची वस्ती आहे, आणि बाईंचा धाकटा भाऊ त्याच वस्तीत राहतो. आमचे आजे-पणजे नाक्याचे पहारेकरी होते, असं वस्तीतले सांगत, पण तसा कागद कुणाकडेच नव्हता. गावातल्या एका वजनदार माणसाने अर्ज दिला, की ही वस्ती मागाहून झालेलं अतिक्रमण आहे, ती उठवा. पुरावा म्हणून त्याने एक उर्दू पान जोडलं होतं. दोन सरकारांमध्ये झालेल्या व्यापाराच्या कराराचं पान. त्यात लिहिलं होतं, गाडीवानांना नाक्याच्या मैदानात 'ठहरने की इजाजत' आहे. म्हणजे तिथे घरं नव्हतीच, नुसतं गाड्या थांबायचं मैदान होतं, असा त्याचा दावा.

भाषांतरासाठी बाईंना बोलावलं, तेव्हा वस्तीचा वकील आणि त्यांचा भाऊ आधीच माझ्या टेबलाशी येऊन बसले होते.

वकील म्हणाला, "बाई, ठहरना म्हणजे राहणंसुद्धा होतं. शब्दकोशात आहे. तेवढं लिहिलंत तर जागा राहण्याची होती असं मला म्हणता येईल."

"आक्का, एकच शब्द हाय," भाऊ म्हणाला. "राहणं लिव्ह."

बाईंनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली.

"गाडीवान ठहरतो म्हंजी मुक्कामाला थांबतो," त्या म्हणाल्या. "घर बांधून न्हाई." आणि त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'मुक्काम करणे'.

भाऊ उठला. "माझी लेकरं कुटं जातील, ते बी लिव्ह मंग! आजपासून मला भैन न्हाई."

तो गेला. वकीलही गेला. बाईंनी पेनाला टोपण लावलं. मग मला म्हणाल्या, "हा कागद एकलाच कसा? दोन सरकारं एका बैठकीत करार करत न्हाईत. बोलणी झाली असतील. त्याचं बाड कुटंय?"

सुनावणीला सहा दिवस होते. बाड सापडायला त्यातले तीन गेले. ते भलत्याच तालुक्याच्या कपाटात, मळकट लाल कापडात बांधलेलं होतं. मग बाई सकाळी कचेरी उघडायच्या आधी दारात हजर. बाहेर बाकावर अर्जदाराचा एक माणूस बसून असे. दुसऱ्या दिवशी तो सरळ आत आला.

"बाई, कावून डोळे फोडून घेता? पायजे तो शब्द तर तुमीच दिला आमाला."

"अजून एकवीस पानं हायेत," बाई मान वर न करता म्हणाल्या. "भाईर बसा."

वाचता वाचता त्या मला मराठीत सांगत. शिवेवर तंबू टाकून अकरा दिवस बोलणी चालली होती. कापसावर जकात कुणी घ्यायची, मिठावर घ्यायची का, हे चौथ्या दिवशी मिटलं. मग गाडं अडलं ते भलत्याच गोष्टीवर. इंग्रज साहेबाचं म्हणणं, नाक्याजवळ घरं नकोत, घरांच्या आडून चोरटा माल जातो. निजामाचा अंमलदार म्हणाला, नाक्यावर पहारा देणारी माणसं तिथेच राहतात, त्यांना उठवलं तर राखण कोण करणार? साहेब बैठक सोडून गेला. दोन दिवस कुणी कुणाच्या तंबूत गेलं नाही. दोन्हीकडे गाड्यांच्या रांगा लागल्या.

"मग?" मी विचारलं. समोर डबा उघडून ठेवला होता, पण माझा घास हातातच राहिला होता.

"थांबा की. मी बी आत्ताच वाचतीय."

सुनावणीच्या आदल्या दिवशी, दुपारी, बाई शेवटच्या पानावर आल्या. ते त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"वाचा."

"बाई, मला उर्दू येत नाही."

"अगं बाई, खरंच की," म्हणत त्या हसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. ती कराराची पुरवणी होती. खाली दोन्ही सरकारांच्या सह्या होत्या आणि वर लिहिलं होतं, पहारेकऱ्यांची घरं 'बदस्तूर आबाद रहें'. पूर्वीप्रमाणे वसलेली राहोत.

सुनावणीत अर्जदाराचा वकील तावातावाने म्हणाला, "ही बाई वस्तीतल्या माणसाची सख्खी बहीण आहे. तिच्या भाषांतरावर विश्वास कसा ठेवायचा?"

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी फाइलीतलं पहिलं भाषांतर काढलं. "हे 'मुक्काम करणे' त्यांनीच लिहिलंय, भावाच्या विरोधात. त्या दिवशी तुम्हाला विश्वास होता." तरी त्यांनी पुरवणी दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घेतली. एक अक्षरही बदललं नाही. महिन्याभराने अर्ज फेटाळला गेला.

बाई गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. मला त्या आठवतात त्या निकालाच्या दिवशीच्या. वस्तीची माणसं गुलाल उधळत जीपमधून निघून गेली होती. बाई स्टँडवर बाकाच्या टोकाला एकट्या बसल्या होत्या. मी निरोप घ्यायला म्हणून गेलो आणि चार पावलांवर थांबलो. भाऊ जीपमधून उतरून मागे आला होता. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"आक्का," तो म्हणाला, "सकाळधरनं काई खाल्लं का?"

"न्हाई."

त्याने फडकं सोडलं, भाकरी मोडली आणि तिच्याकडे न बघताच अर्धी पुढे केली. गाडी लागली तेव्हा बाई अजून खात होत्या. त्यांना खाणं उरकायची घाई नव्हती. तो दोघांच्या पिशव्या खांद्याला लावून गाडीच्या दारात उभा राहिला आणि कंडक्टरला सांगू लागला, "जरा थांबा साहेब, माझी भैन येतीय."