उत्तनचे सर्वर अंकल

उत्तनच्या त्या घरात एसी एकच होता आणि त्या खोलीत कोणी झोपत नसे. अंकल स्वतः बाहेर पंख्याखाली घामाघूम होऊन झोपत. आत गार हवेत, टेबलावर, त्यांचा काळा सर्वर बारीक घूं घूं करत चालू असे. "मानूस पुसून घेतो घाम," ते म्हणत, "मशीनला कोन पुसनार? खारा वारा हाय हितं, लोखंड खातो." मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आले तेव्हा त्यांनी मला पाण्याची टाकी, विजेचा मीटर यांच्याही आधी ती खोली दाखवली होती.

सगळा गाव त्यांना सर्वर अंकलच म्हणे. उमेदीची वर्षं त्यांनी जहाजांवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. घरी परतले आणि थोड्याच दिवसांत त्यांची बायको, रोझीआंटी, गेली. पाठोपाठ तिचा फोनही बंद पडला आणि त्यातले फोटो काही केल्या निघाले नाहीत. मग ज्यांच्या ज्यांच्या लग्नाला, बाप्तिस्म्याला आंटी गेल्या होत्या, त्यांच्याकडून अंकलनी एकेक फोटो मागून आणला आणि ते ठेवायला हे मशीन उभं केलं. इंटरनेटवर फुकट जागा मिळते, असं मी एकदा सुचवलं. "माजी बायको दुसऱ्याच्या घरात कशाला ठेवू?" एवढंच म्हणाले.

हळूहळू शेजारीपाजारीही येऊ लागले. कुणाचा फोन भरलेला, कुणाचा हरवलेला. अंकल प्रत्येकाला मशीनमध्ये वेगळी जागा करून देत; तिला ते 'खण' म्हणत. माझी आई शेवटची काही वर्षं माझ्याजवळ होती. मेथी निवडताना, माझ्या मुलीला दटावताना, दुपारी खिडकीत बसून डुलक्या घेताना, असे तिचे किती तरी छोटे व्हिडिओ मी काढत असे. ते खणात पडले की अंकल म्हणत, "आले हितं. आता फोनातले काढून टाक, बाय. फोन म्हंजे खिसा. खिशात घर ठेवतं काय कोन?"

दुसरी प्रत पेणकरपाड्याला होती. त्यांची मुलगी ग्लोरिया तिथे राहायची. तिच्या टीव्हीमागे अंकलनी एक लहान मशीन बसवलं होतं. उत्तनहून रोज सगळं आपोआप तिकडे जायचं. सकाळी अंकलच्या फोनवर निरोप यायचा, कॉपी पूर्ण. तो ते चहाबरोबर मोठ्याने वाचायचे आणि मगच चर्चला निघायचे.

एका पावसाळ्यात वीज गेली आणि परत आली ती उसळून आली. खालून जळका वास आला म्हणून मी धावले. अंकल अनवाणी उभे होते, मशीनवर हात ठेवून. घाबरलेले मुळीच दिसत नव्हते. "जलू दे," म्हणाले, "ग्लोरियाकडं हाय सगलं."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर पेणकरपाड्याला गेले. ग्लोरियाने चहा ठेवला. अंकल एकेक खण उघडत होते. जुने फोटो सगळे जागच्या जागी होते. गेल्या तीन वर्षांतला एकही नव्हता. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून उघडून पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकले. तीन वर्षांपूर्वी त्यांनी उत्तनच्या मशीनला मोठी डिस्क लावली होती आणि सगळे फोटो तिच्यावर हलवले होते. कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला नवी जागा सांगायची राहून गेली. तो बिचारा रोज जुन्याच जागी जात होता, तिथे नवीन काही नाही हे पाहत होता आणि काम पूर्ण झाल्याचं कळवत होता.

"मी मेसेज वाचला," अंकल म्हणाले. "रोज वाचला. उघडून न्हाय बघितलं."

चहावर साय धरली. पडद्यावर रोझीआंटी कुणाच्या तरी लग्नात हसत होत्या. त्या कधीच गेल्या होत्या, फोटोही तेव्हाच जमवलेले, त्यामुळे त्यांचा एकूण एक फोटो शाबूत होता. अंकलनी तो पटकन बंद केला. "माजं सगलं रायलं, बाय," ते म्हणाले. "तुमचं गेलं."

मी ग्लोरियाच्या स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिले. आईची माझ्याजवळची सगळी वर्षं त्या हरवलेल्या तीन वर्षांत होती.

जळलेल्या डिस्क घेऊन आम्ही केबिन रोडवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदाराने उघडून पाहिलं आणि मान हलवली. "अंकल, इसमें कुछ नहीं बचा." अंकलनी त्याला पुन्हा बघायला लावलं. त्याने पुन्हा पाहिलं, तेच सांगितलं.

"ग्रुपवर मेसेज टाका ना, डॅडी," ग्लोरिया म्हणाली.

"लोक माज्या घरी आले होते," अंकल म्हणाले. "मी पन घरी जानार."

आणि ते गेले. आठवडाभर, छत्री घेऊन, दारोदार. बहुतेकांनी "जाऊ द्या अंकल" म्हटलं. काहींनी ऐकवलं. जानाबाईंकडे जायचं त्यांनी शेवटी ठेवलं आणि मला बरोबर यायला सांगितलं. जानाबाईंचा धाकटा मुलगा होडीवरून पडला तो सापडलाच नाही. त्याचा फोनही त्याच्याबरोबर गेला. त्याच्या साखरपुड्याचे फोटो फक्त अंकलकडे होते.

जानाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुज्या बायकोचे?"

"हायत," अंकल म्हणाले.

"सगले?"

"सगले."

त्या उठल्या, आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. त्यानंतर त्या अंकलशी कधी बोलल्या नाहीत. बाजारात समोर आल्या तरी टोपली डोक्यावर सावरत दुसऱ्या बाजूने निघून जायच्या.

अंकलनी नवं मशीन आणलं, पण चहाबरोबर निरोप वाचणं संपलं. रोज ते एखादा खण उघडून बघत बसायचे. नातेवाइकांच्या फोनांतून, कुणी कुणाला पाठवलेल्या फोटोंतून हरवलेली माणसं शोधायचे. माझ्या आईचा एक फोटो त्यांना असाच सापडला, शेजारच्या वाढदिवसातला, केकच्या पलीकडे बसलेली. जानाबाईंच्या मुलाचाही एक मिळाला. कुणाच्या तरी लग्नात खुर्च्या उचलून नेताना तो मागे दिसत होता. अंकलनी तो मोठा करून छापला आणि माझ्या हाती दिला. "मी दिला तर घ्यायची न्हाय," म्हणाले.

जानाबाईंनी तो उजेडात धरला. "अर्धंच तोंड हाय," म्हणाल्या. पण आत घेऊन गेल्या. हे मी अंकलना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते त्या लग्नवाल्यांकडे पुन्हा चौकशीला गेले.

पुढे त्यांना दम लागायला लागला. जिना राहू दे, अंगणातून दारापर्यंत यायलाही थांबावं लागे. ग्लोरिया न्यायला आली, तेव्हा त्यांनी ज्याचे त्याचे फोटो वेगवेगळ्या पेनड्राइव्हवर घालून वाटून टाकले. माझा देताना म्हणाले, "आता तुजं तू सांभाल. मला न्हाय जमलं." मी काहीतरी बोलायला हवं होतं. त्यांनी बोलू दिलं नाही, रिक्षात बसले.

पेणकरपाड्याला मी दोनदा गेले. दुसऱ्या खेपेला त्यांनी मला ओळखलं, पण बोलायला श्वास पुरत नव्हता. महिन्याभरात ते गेले.

उत्तनला आणून पुरलं त्यांना, रोझीआंटींच्या शेजारी. सुक्या मासळीचा हंगाम होता, त्यामुळे माणसं तशी कमीच आली. मूठ मूठ माती टाकून जो तो निघत होता, तेवढ्यात फाटकाजवळ जानाबाई दिसल्या. त्या सरळ पुढे आल्या, वाकून माती घेतली, टाकली. ग्लोरिया त्यांना ओळखत नव्हती. हात जोडून तिने विचारलं, "डॅडी तुमच्या ओळखीचे होते?"

"माज्या पोराचे फोटो होते त्याच्याकडं," जानाबाई म्हणाल्या. "ते गेले."

ग्लोरियाने मान खाली घातली.

"सांगायला सोता आला होता," जानाबाई म्हणाल्या. "पोरगं गेलं तवा होडीचा मालक पन आला न्हवता." मग पदराला हात पुसून त्या फाटकाकडे चालू लागल्या.