दहापैकी आठ पार!

परदेशात शिकून बेंगळुरूला परतताना मला वाटलं होतं, इथलं विज्ञान माझ्यासाठीच खोळंबलं असणार. प्रत्यक्षात संस्थेच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या रांगेत माझा नंबर एकोणिसावा! पण हार मानेन तर ती मी कसली? याच जिद्दीने पुढे जी माती खाल्ली, ती ऐकायची असेल तर आधी चहाचा कप खाली ठेवा. हसताना सांडेल.

आमचं काम असं. पेप्टाइडची इवलीशी कडी बांगड्यांसारखी एकावर एक रचली की नॅनोनळी तयार होते. ती पेशीच्या पडद्यात आरपार बसवायची आणि औषधाचा रेणू तिच्यातून पलीकडे जातो का, ते आधी कॉम्प्युटरवर बघायचं. जमलं, तर खरी नळी करणार विद्याअक्का. अक्का मूळच्या निपाणीच्या, वीस वर्षं हाताने पेप्टाइड बनवताहेत. त्यासाठी लागणाऱ्या खास अमिनो आम्लाची त्यांच्याकडे एकच बाटली उरली होती. ती उघडायची की नाही, हे माझ्या निकालावर!

निकाल आला. दहापैकी आठ वेळा रेणू पार! मी प्रयोगशाळाभर म्हैसूरपाक वाटला. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी तर दुसऱ्याच दिवशी सकाळी बोम्मसंद्र्याच्या एका औषध कंपनीच्या लोकांना बोलावून टाकलं.

"अक्का, उद्या बाटली उघडा!"

"उघडते की. पण स्वल्प थांब. जाताना बघितलीस काय त्याला?"

"बघायचं काय त्यात? आधी पडद्याच्या वर होता, नंतर खाली सापडला. मोजायला प्रोग्राम आहे ना माझा!"

"मग मला तरी दाखव. पिक्चर बघितल्यासारखं बघू."

लावला पिक्चर. रेणू नळीच्या तोंडाशी आला. डोकावला. वळला. वर, आणखी वर, थेट छतातून बाहेर! आणि पुढच्याच क्षणी तळातून आत!

"हे काय गं?" अक्का म्हणाल्या. "दारातून गेलंच नाही की हे!"

सांगते. कॉम्प्युटरमध्ये हे सगळं ज्या काल्पनिक पेटीत घडतं, तिला भिंती नसतात. जो छतातून बाहेर पडतो, तो तळातून आत येतो. हा अगदी पहिल्या दिवसाचा धडा. परदेशात मी स्वतः मुलांना शिकवलाय! आणि मोजणीत नेमका तोच विसरले.

मग आठही पिक्चर बघितले. आठही रेणू छतातून!

"तुझी नळी म्हणजे मारतहळ्ळीचा तुंबलेला सिग्नल," अक्का म्हणाल्या. "सगळे मागच्या गल्लीनं जातात."

"अक्का, उद्या मी आजारी पडू का?"

"पड की. पण आधी सांग, बाटली उघडू काय?"

झालं! आता कुठलं आजारी पडणं?

सकाळी स्लाइडवरचा आठ पुसून मी तिथे शून्य लिहिलं आणि पाहुण्यांसमोर उभी राहिले. "बाटली उघडायची नाही. माझी मोजणी चुकली. छताला अडसर घालून सगळं पहिल्यापासून करणार, आणि या वेळी प्रत्येक रेणू जाताना डोळ्यांनी बघणार!"

सरांनी चष्मा काढला.

"म्हणजे अजून नळीतून कोणीच गेलेलं नाही?"

"गेली ना सर," मी म्हटलं. "माझी अब्रू. आणि तिला कुठेही अडथळा आला नाही!"